पाणी ओसरल्यावर काय बदललं?

या वेळच्या टपालात सांगली-मिरजेची पत्रं जास्त आहेत, आणि जवळपास सगळी पाण्याची. मृग तोंडावर आला की हे व्हायचंच. पत्रं लांबलचक होती, ती प्रश्नापुरती कापली आहेत. उत्तरं नगररचना, पाणीपुरवठा आणि बांधकाम पाहणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : ‘अँटिफ्रॅजाइल शहर’ म्हणजे धक्के खाऊन आणखी मजबूत होणारं शहर, असं कॉलेजमधल्या एका व्याख्यानात ऐकलं. हे आपत्ती व्यवस्थापनाचंच नवं बारसं आहे की खरंच वेगळं काही? – आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, विश्रामबाग

उत्तर : वेगळं आहे, आणि ते समजायला तासगावच्या एखाद्या द्राक्षबागेत जाऊन आलात तरी पुरे. काचेचा पेला पडला की फुटतो. पाटा पडला तरी जसाच्या तसा राहतो. वेलीची जात तिसरी. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते तेव्हा घड धरतात. छाटलीच नाही तर नुसता पाला माजतो. मात्र कात्री किती डोळ्यांवर (फुटव्याच्या गाठींवर) लावायची आणि कधी, हे बागायतदाराला पक्कं ठाऊक असतं. खोडावर कुऱ्हाड घातली तर कुठलीच वेल जोमाने फुटत नाही.

शहराला हेच लावून पाहा. घाव एखाद्या फांदीवर पडावा, खोडावर नाही. आणि घावानंतर जे फुटेल ते आधीपेक्षा वेगळं असावं. आपत्ती व्यवस्थापनात ‘जनजीवन पूर्वपदावर’ आलं की फाइल बंद होते. इथे प्रश्न असा की पूर्वपदावरच कशाला यायचं? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या मापकावर २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. शेवटच्या दोन पुरांत पुरती दोन वर्षंही गेली नाहीत. म्हणून कुठल्याही इमारतीची परीक्षा सोपी आहे : २०१९ ला बुडालेली मीटरपेटी २०२१ ला त्याच खिळ्यावर होती का? असली, तर त्या इमारतीने मार खाल्ला आणि शिकली काहीच नाही.

या कल्पनेचे भक्त एक गोष्ट विसरतात, तीही सांगून ठेवतो. छाटणी कुणाची? नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने बुडायचं आणि शहराने त्यातून धडा घ्यायचा, हे नियोजन नव्हे. मोडायचीच तर कुंपणं मोडावीत, मैदानं बुडावीत, आठवडाभर बाजाराचे ओटे पाण्याखाली जावेत. माणसं आणि त्यांची पोटापाण्याची साधनं त्या यादीत नकोत. तुमच्या प्रकल्पात आधी ही यादी करा, चित्रं मागाहून काढा.

प्रश्न : गणपती पेठेत आमचं किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. २०१९ ला ‘पाणी एवढं येत नाही’ म्हणत बसलो आणि साखर, मीठ, डाळी सगळं गेलं. २०२१ ला घाबरून फार लवकर माल हलवला, चार दिवस धंदा बुडाला. नेमकं कधी आणि काय हलवायचं? – व्यापारी, सांगली

उत्तर : दोन्ही वेळा तुमच्याकडे एक आकडा नव्हता : आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या फरशीला पाणी लागतं? पुलावरचा आकडा नदीच्या मापकाचा असतो. तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायचं काम आपलं.

ते असं करा. २०१९ च्या पाण्याची रेघ शोधा. भिंत रंगवली असली तरी शटरच्या खाचेत, मीटरच्या फळीमागे, नाहीतर जुन्या दाराच्या बिजागरीत गाळाचा माग राहतो. फरशीपासून तिथवर टेपने मोजा. समजा साडेचार फूट भरलं. त्या पुराची कमाल पातळी साडेसत्तावन्न धरली, तर वजा साडेचार, म्हणजे ५३ फूट. हा तुमच्या दुकानाचा आकडा. मग २०२१ च्या रेघेवरून तोच हिशोब करून ताळा पाहा. दोन्हींत अर्ध्या फुटाहून जास्त फरक निघाला तर समजा, की पाणी नदीकडून सरळ न येता गटारातून उलटं चढतंय, किंवा मधल्या काळात कुणी भराव टाकलाय. अशा वेळी दोहोंतला कमी आकडा धरायचा. पुलापासून लांबच्या दुकानांना हा हिशोब ढोबळच लागू पडतो, कारण नदीच्या पाण्यालाही उतार असतो. गणपती पेठेला तो चालून जावा.

आता वेळ. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. चाळिशी गाठली की दर तासाचा आकडा वहीत लिहायला लागा. गेल्या सहा तासांत सरासरी तासाला चार इंच चढलं असेल आणि तुमच्या फरशीला आठ फूट, म्हणजे ९६ इंच उरले असतील, तर हाताशी २४ तास आहेत. पण ते सगळे हलवाहलवीचे तास नाहीत. पन्नास किलोचं पोतं जिन्याने वर न्यायला हमालाला जाऊन-येऊन तीन मिनिटं धरा. दोनशे पोती आणि चार हमाल म्हणजे अडीच तास, दम खात चार. एवढं हातात बसतं. घात होतो तो वेगळ्याच कारणाने : त्या दिवशी अख्ख्या पेठेला तेच हमाल हवे असतात. म्हणून मे महिन्यातच दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून टोळी आणि टेम्पो बोलून ठेवावा, थोडी उचल देऊन. ती उचल वाया गेली तर तो त्या वर्षीचा विम्याचा हप्ता समजा.

आधी मीठ आणि साखर, कारण ती विरघळते आणि मागे नुसतं पोतं उरतं. मग डाळी. त्या फुगून पोती फोडतात, दोन दिवसांत आंबतात आणि मग त्या वासाने वरचा कोरडा मालही गिऱ्हाईक घेत नाही. सीलबंद डबे शेवटी. अर्धवट भरलेली पिंपं मात्र बांधून ठेवा, ती तरंगतात आणि आतून शटरला धडका देतात.

वर नेताना माळ्याचा भार पाहा. पोत्याला साधारण अर्धा चौरस मीटर जागा लागते. पाच थर रचले की चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात वजन गेलं. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशोबाने केलेला असतो. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घरात दोन थर, त्याहून जास्त नाही, आणि तेही भिंतीलगत. जुन्या लाकडी माळ्याला तर एकदा अभियंता दाखवल्याशिवाय हात लावू नका. पुरातून वाचवलेला माल माळ्यासकट खाली आला तर काय मिळवलंत?

आणि सगळा माल एकाच उंचीवर, एकाच वाड्यात ठेवणं सोडा. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या कोरड्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, भाडंही कमी. रोजच्या त्रासांना पेव पुरून उरायचं. २००५ ला पाणी शिरलं आणि एका फटक्यात पेवंच्या पेवं गेली. रोज निर्धोक वाटणारी सोय मोठ्या धक्क्यात एकदम कोसळते, ती अशी. तुमच्या मालाचा एक तृतीयांश जरी उंचावरच्या गोदामात असला तरी पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी दुकान उघडतं, आणि त्या आठवड्यात उघडं असलेलं दुकान गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतं.

विम्याचं थोडक्यात : पॉलिसीत पूर हा शब्द आहे ना, ते स्वतः वाचा. वीस लाखांचा माल दहा लाखांवर उतरवला असेल तर नुकसानभरपाई बहुधा त्याच प्रमाणात कापली जाते. चाळीस फुटांना मालाचे फोटो काढा आणि ते दुकानातल्या संगणकावर ठेवू नका.

प्रश्न : आमची वीस फ्लॅटची सोसायटी. पार्किंगमध्ये मीटर, जमिनीखाली दहा हजार लिटरची टाकी, लिफ्ट. पूर आला की खालच्या दोन फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी उसळतं, वरचे मात्र निवांत असतात. सोसायटीने नेमकं काय करावं? पैसे बेताचे आहेत. – सचिव, सांगली

उत्तर : सुरुवात त्या उसळणाऱ्या बाथरूमपासून करू, कारण भांडणं तिथूनच होतात. नदी चढली की ड्रेनेजची मुख्य लाइन भरते आणि पाणी तुमच्या चेंबरकडे उलटं येतं. शेवटच्या चेंबरमध्ये, म्हणजे सोसायटीची लाइन महापालिकेच्या लाइनला मिळते त्याच्या आधी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. आत एक झडप असते, पाणी बाहेर जाऊ देते, उलटं आलं की मिटते. तीन ठिकाणी फसगत होते. एक, झडपेच्या काठावर वाळू, केस, प्लास्टिक अडकतं आणि ती पुरती मिटत नाही. म्हणून मे अखेरीस उघडून धुवायची, आणि त्यासाठी तिच्यावर हात जाईल एवढं झाकण हवं. दोन, प्लंबर ती उलट्या दिशेने बसवतो. व्हॉल्व्हवरचा बाण स्वतः पाहा. तीन, आणि हे कुणी सांगत नाही : झडप मिटली की तुमचं स्वतःचं सांडपाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली की ते पाणी खालच्याच बाथरूममधून वर येतं. म्हणजे व्हॉल्व्ह बसवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे, ठरलेल्या फुटाला सगळ्या वीस घरांनी संडास-बाथरूम बंद ठेवायचं, हा सभेत केलेला ठराव. खालच्या दोघांनी तो आग्रहाने मांडावा.

जमिनीखालची टाकी पुराआधी रिकामी करू नका. ‘घाण पाणी जाईल, आधीच उपसून ठेवू’ हा विचार महागात पडतो. भोवतालची जमीन पाण्याने भरली की दहा हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला पाणी दहा टनांहून जास्त जोराने वर ढकलतं. प्लास्टिकची टाकी उपटून वर येते, सिमेंटची तडकते. काठोकाठ भरा, झाकण रबराच्या पट्टीने बंद करा, मोटर काढून वर ठेवा. पाणी ओसरलं की टाकी उपसा, घासा, पुन्हा भरा आणि त्यात हजार लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून बारा तास ठेवा. ते पाणी पिण्याचं नव्हे, सोडून द्यायचं. नंतर पिण्यासाठी भराल तेव्हा हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबायचं. पावडर ताजी हवी. गेल्या वर्षीच्या फुटलेल्या पिशवीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो, मागे राहतो तो निव्वळ चुना.

मीटर वर हलवायला महावितरणकडे रीतसर अर्ज करा, परस्पर वायरमन बोलावू नका. नवी जागा २०१९ च्या रेघेच्या किमान दोन फूट वर, आणि पाणी असतानाही कोरड्या पायाने पोचता येईल अशी, म्हणजे जिन्याच्या पहिल्या वळणावर. पार्किंगचे दिवे आणि सॉकेट वेगळ्या एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) घ्या, म्हणजे तेवढंच बंद करून वरची वीज जास्त वेळ चालू ठेवता येते. लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्याला नेऊन बंद करा. खालच्या खड्ड्यात पाणी आलं की लिफ्ट खाली उतरूच नये असा फ्लोट स्विच बसतो, देखभालवाल्याला विचारा.

गच्चीवरच्या टाकीत माणशी १५ लिटर धरा. ८० माणसं म्हणजे रोज १,२०० आणि पाच दिवसांचे ६,०००. एवढं पाणी आत्ता वर मावतं का? नसेल तर पहिला खर्च तिथे, दुसरा व्हॉल्व्हवर, तिसरा मीटरवर. लिफ्टचं शेवटी. सभेत क्रम नेमका उलटा लागतो, असा आमचा अंदाज आहे.

प्रश्न : एकदाच काय ते पैसे घालून कृष्णेच्या दोन्ही काठांना उंच भिंत बांधून टाकली तर हे सगळं कशाला लागेल? – निवृत्त शिक्षक, सांगलीवाडी

उत्तर : आयर्विनच्या मापाने साठ फुटांपर्यंत भिंत बांधली तर एकोणसाठपर्यंत तुमचं म्हणणं खरं. त्यापुढे काय होतं ते पाहा. भिंतीमागची जमीन ‘सुरक्षित’ ठरते, भाव चढतात, जिथे गवताचं कुरण होतं तिथे तीन मजली इमारती होतात. पंधरा-वीस वर्षं पाणी येत नाही, माणसं माळे बांधायचं विसरतात, नावाडी दुसरा धंदा धरतात. मग एका वर्षी पाणी भिंतीवरून येतं, नाहीतर काळ्या मातीच्या बांधाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगेतून शिरतं. हळूहळू चढण्याऐवजी तासाभरात भरतं, आणि आत आलेलं पाणी भिंतीमुळेच बाहेर जात नाही. लहानसहान पूर अडवून आपण मोठ्या पुराला ताजं गिऱ्हाईक मिळवून देतो.

दुसरी अडचण रोजची आहे. शहराचे नाले नदीलाच मिळतात. भिंतीतली दारं बंद केली की शहरात पडलेला पाऊस आतच तुंबतो. एक चौरस किलोमीटरवर तासात ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर सेकंदाला जवळपास दहा हजार लिटर पाणी उपसायला हवं. दोनशे लिटरची पन्नास पिंपं, दर सेकंदाला. तेही वीज गेलेली असताना, डिझेलवर. आणि तुम्ही तर सांगलीवाडीचे, म्हणजे पलीकडच्या काठाचे. एका काठाची भिंत आधी उभी राहिली की पाणी कुठल्या काठाला जातं, ते आम्ही सांगायला नको.

नेदरलँड्सने शतकानुशतकं बांध बांधले. १९९३ आणि १९९५ ला नद्या इतक्या चढल्या, की दुसऱ्या वेळी अडीच लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी उलटी वाट धरली : नदीला जागा द्यायची. नाइमेखन शहराजवळ बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि नदीला एक जोडप्रवाह खोदून दिला. रॉटरडॅममध्ये २०१३ साली एक चौकच असा केला, की एरवी पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात आणि मुसळधार पावसात त्यात सतरा लाख लिटर पाणी थांबतं.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा करायची गरज नाही. निळ्या पूररेषेच्या (सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या) आत, म्हणजे निषिद्ध क्षेत्रात, बगीचा, मैदान, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई असल्या उपयोगांना राज्याच्या बांधकाम नियमावलीत जागा आहे. बुडाली तर दोन दिवस चिखल काढायचा, एवढंच. भिंत हवीच असेल तर ती नेमकी बांधा : जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), वीज उपकेंद्र, रुग्णालयाचा ऑक्सिजन आणि जनरेटर यांच्याभोवती. ज्या गोष्टी बंद पडल्या की न बुडालेलं शहरही ठप्प होतं, फक्त त्यांच्याभोवती.

प्रश्न : पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळेच येतो ना? मग आपण इथे काय करून काय होणार? – एक वाचक, मिरज

उत्तर : २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याला, मुख्य कारण मानलं नाही. पाणलोटातला थोड्या दिवसांतला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अडवणूक यांवर भर दिला. वाद चालू आहे आणि चालू राहील. १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना, ३४ टीएमसीचं वारणा धरण आणि खालचं अलमट्टी यांच्या विसर्गाचा मेळ घालणं हे दोन्ही राज्यांचं काम आहे, ते लावून धरा. पण हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा एकाच वेळी भरून आल्या तर कृष्णा थबकणारच. दोषी कुणीही ठरो, तुमच्या फरशीचा आकडा तोच राहतो.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. शहराच्या कडेला गुंठेवारीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. मागे ओढा आहे, आता कोरडा. एजंट म्हणतो निळ्या रेषेच्या बाहेर आहे, चिंता नको. घ्यावा का? – कुपवाड

उत्तर : ‘निळ्या रेषेच्या बाहेर’ हे अर्धं वाक्य आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पंचवीस वर्षांत एकदा याचा अर्थ आता पंचवीस वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात चार शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. गृहकर्ज तीस वर्षांचं धरलं, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघते. लाल रेषेचीही २६ टक्के. शंभरात सव्वीस म्हणजे चौघांत एक. एवढी जोखीम ऐकल्यावर एजंटच्या आवाजातला आत्मविश्वास जरा कमी झाला तर नवल नाही.

घेण्याआधी महापालिकेतून झोन दाखला आणि जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा मिळवा आणि त्यावर गट नंबर स्वतः शोधा. जुना गावनकाशा पाहा. ओढा तिथे जेवढा रुंद दाखवलाय तेवढा आज जागेवर आहे का, हे पावलांनी मोजा. वीस फुटांचा ओढा आज सहा फूट भरला, तर उरलेले चौदा फूट कुणाच्या तरी जोत्याखाली आहेत, आणि पाणी ते परत मागायला येणार. रस्त्यापलीकडच्या जुन्या घरात जाऊन २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं ते विचारा. एकाने सांगितलेलं धरू नका, तिघांचं जुळतंय का बघा. शक्य असेल तर सौदा ऑगस्टपर्यंत लांबवा आणि भर पावसात जाऊन प्लॉट पाहा.

लाल आणि निळ्या रेषांच्या मध्ये असेल तर बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर घ्यावं लागतं. हा खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवा, मग ‘स्वस्त’ किती उरतो ते पाहा. काळ्या मातीत पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं चालूच असतं, त्यामुळे उथळ पाया भेगाळतो. खालच्या मुरमापर्यंत जा, नाहीतर अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर खांब) घ्या.

प्रत्येक जण आपापला प्लॉट ब्रासवारी मुरूम टाकून उंच करतो. शेवटी ज्याने भराव टाकला नाही त्याचा प्लॉट म्हणजे कॉलनीचं तळं. म्हणून प्लॉटची पातळी एकट्याने ठरवू नका. गल्लीतल्या सगळ्यांनी लेव्हल घेऊन रस्ता, गटार आणि जोतं अशा तीन पातळ्या ठरवाव्यात.

कंपाउंडची भिंत भरभक्कम करायचा मोहही आवरा. भिंतीच्या एका बाजूला एक मीटर पाणी असेल तर ते दर मीटर लांबीला पाचशे किलोने ढकलतं. दीड मीटर झालं की अकराशे किलो, दुपटीहून जास्त. साडेचार इंची विटांची भिंत त्याला टिकत नाही, आडवी होते आणि पलीकडे कोण उभं असेल ते पाहत नाही. तळाशी दर दोन मीटरला वीतभर झरोके ठेवा, पाणी दोन्हीकडे सारखं होऊ द्या. घराचंही तसंच. बाहेर तीन फुटांपर्यंत पाणी दाराला फळ्या आणि वाळूची पोती लावून रोखता येतं. त्यापुढे भिंती धोक्यात घालण्यापेक्षा पाणी आत घेतलेलं बरं. जमिनीला शहाबाद किंवा टाइल, चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा, सॉकेट त्याच्या वर, आणि प्लायवूडचं फर्निचर खालच्या मजल्यावर शून्य. असं घर बुडून निघालं तरी आठवड्यात राहण्याजोगं होतं.

प्रश्न : आमच्या गल्लीचा रस्ता दर वेळी वरून थर टाकून उंच होतो, घरं खाली जातात. – सांगली

उत्तर : निविदेत जुना थर खरवडून काढायची बाब आहे का ते काम सुरू होण्याआधी पाहा, नसेल तर लेखी मागणी करा. काम चालू झाल्यावर बोलून उपयोग नसतो. आणि आपल्या उंबऱ्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंतची उंची फोटोसह मोजून ठेवा. तुमच्या तक्रारीत तेवढाच आकडा बोलतो.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाकडे थोडा निधी आहे. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता वॉर्डपुरतं काय करता येईल, ज्याने पुढच्या पुरात खरंच फरक पडेल? – मिरज

उत्तर : तुमच्याच गावातलं उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेहून. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे जमलं कारण रेल्वेची हैदरखान विहिरीची जुनी पाणीयंत्रणा मोडीत न काढता जागेवर होती. रोजच्या हिशोबात फालतू दिसणारी अशी जादा सोयच अडचणीत कामी येते. तुमच्या वॉर्डातही ती असणार : बुजत चाललेले आड आणि विहिरी. पुरात जॅकवेलचे पंप बंद पडले की चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, अशी गत होते. वॉर्डातल्या विहिरींची यादी करा, गाळ काढा, कठडा पुराच्या रेघेवर जाईल अशी एक तरी निवडा. औषध घालायचा हिशोब असा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅमने सत्तर ग्रॅम टीसीएल. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादली वरखाली करा. तासाभराने पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला एवढं पुरत नाही, ती आधी उपसावी लागते.

दुसरं काम माणसांचं. पंचवीस घरांमागे दोघी जबाबदार. त्यांच्याकडे कागदावर, मोबाइलमध्ये नव्हे, यादी : कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं डायलिसिस, कोण सातव्या-आठव्या महिन्यात. ही मंडळी इशारा पातळीलाच हलवायची, कोरड्या रस्त्याने, रिक्षातून. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून सतरा जणांचा जीव गेला. बोट हा शेवटचा उपाय आहे. तिच्यावर किती माणसं ते आधी रंगवून लिहा आणि तेवढीच लाइफ जॅकेट ठेवा. जॅकेटचे बंद मे महिन्यात ओढून बघा, उन्हात पडलेले बंद हातात येतात.

निधीचं म्हणाल तर, दहातले आठ रुपये अशा कंटाळवाण्या पक्क्या कामांना लावा. उरलेल्या दोन रुपयांचे छोटे छोटे प्रयोग करा, प्रत्येक गल्लीत वेगळा. एका ठिकाणी गच्चीचं पाणी विहिरीत सोडा (हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षात ५०० मिलीमीटर पाऊस धरला तरी ३५ हजार लिटरच्या पुढे हाती लागतं), दुसऱ्या ठिकाणी गटाराच्या तोंडाला काढता येणारी जाळी लावा, तिसरीकडे समाईक मजल्यावर धान्याच्या कोठ्या ठेवा. निम्मे फसतील. फसले तर गल्लीपुरतं नुकसान, जमलं ते वॉर्डभर.

आणि एक वही घाला. पाणी ओसरल्यावर तीस दिवसांच्या आत बसायचं आणि तीन रकाने भरायचे : काय मोडलं, का मोडलं, कोण कधीपर्यंत बदलणार. तिसऱ्या रकान्यात ‘महापालिका’ असं नुसतं लिहू नका. अर्ज कोण देणार तिचं नाव लिहा. विजेच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवर तिन्ही पुरांच्या रेघा ऑइलपेंटने ओढा, शेजारी साल आणि आयर्विनचे फूट. एक लिटर रंगात पंधरावीस खांब होतात. रंग लाल घेऊ नका, उन्हाने लवकर उडतो. काळा किंवा गडद निळा बरा.